वर्ख

सॅल्फर्डच्या गल्लीत आमचं दुकान,
पाटीवर: जेबेझ ओपनशॉ, सोन्याचे वर्ख.
बैलाच्या आतड्याच्या पापुद्र्यांत
सोन्याची चकती ठेवायची आणि ठोकायची
ग्रॅनाइटच्या ठोकळ्यावर, दिवसभर.
सोळा पौंडांचा घण. उचलायचा नाही, बाबा म्हणत,
उचलेल तो दुपारीच मोडेल.
दगड उसळी देतो, तिच्यावर स्वार होऊ द्यायचा.

आमचे वर्ख जात देवळांच्या अक्षरांवर,
सर्कशीच्या गाड्यांवर, दारूच्या गुत्त्यांवर.
एकोणीसशे नऊ साली विद्यापीठाची चिठ्ठी आली:
सर्वांत पातळ असेल तो द्या.
मी तेरा वर्षांची. वही छातीशी धरून
पूल ओलांडला, बेतानं श्वास घेत.
वर्ख श्वासालाही बिचकतो.

तळघरात अंधार.
एनोक व्हिटल नावाचा एक पोरगा
डोळे सरावेपर्यंत नुसता बसलेला,
मग पडद्यावरच्या ठिणग्या मोजणारा,
एक, दोन, पाच, डोळ्यांतून पाणी येईतो.
त्यानंच मला सांगितलं: आधी अणू म्हणजे टणक गोटी होती,
आता ख्रिसमसचं पुडिंग आहे, आत बेदाणे पेरलेले.
आणि आपण सोडतोय ते कण
तुमच्या सोन्यातून सरळ आरपार जातायत.

घरी येऊन मी तेवढंच सांगितलं. आरपार.
बाबांनी घण खाली ठेवला.
एकेक वर्ख खिडकीशी धरून पाहिला.
(उन्हासमोर सोनं हिरवं दिसतं,
समुद्राच्या तळाशी असल्यासारखं.)
टाचणीच्या टोकाइतकं भोक नाही!
रविवारचा कोट चढवून निघाले, मी मागे पळत.

व्हिटल गडबडला. म्हणाला,
ओपनशॉसाहेब, भोकं वर्खात नाहीत.
सोन्यात आहेत.

चाळीस वर्षं ज्याच्यावर हात चालवला
ते बहुतेक नव्हतंच, हे ऐकताना
माणसाचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलंय.

मग व्हिटल हळूच म्हणाला, पण एखादा,
हजारोंतला एखादाच, उलटा येतो.
बाबा अंगठ्याचा घट्टा चोळत राहिले.
उलटा येतो?
मग खाली ठोकळा आहे.

पोरगा हसला. नंतर हसायचा थांबला.

गणित त्यांनी मांडलं, आणि ते अवघड होतं.
बाबांनी सांगितलं ते मनगटाचं, त्याला कागद लागत नाही.
कुठल्या पुस्तकात त्यांचं नाव नाही; मी शोधलंही नाही.

पुढं ओल्डमच्या शाळेत एकतीस वर्षं
मीच फळ्यावर काढत आले:
पुडिंग. पुसलं.
सूर्य, भोवती ग्रह. सुबक, मुलांना आवडे. तेही पुसावं लागलं.
नवं पुस्तक म्हणे, वाट नाहीच,
इथं असेल, तिथं असेल, एवढंच.
हे काढायचं कसं?
बाहीनं फळा पुसत होते, मागच्या बाकावरची ड्रुसिला
खडूच्या फराट्याकडं बोट करून म्हणाली,
बाई, आता जमलंय.

घण विकला, पापुद्रे उंदरांनी खाल्ले.
ठोकळा परसात आहे, दूधवाला त्यावर बाटल्या ठेवतो.
काल सहज बोटाच्या पेरानं त्यावर टकटक केली.
बाबा, हाही जवळजवळ सगळा पोकळच, म्हणतात.

पेर अजून ठणकतंय.