शेपटीवरचं वजन

खोक्यावर छापलं होतं : वय वर्षे दहा आणि पुढे.
एर्लेंड नऊचा, मी एकेचाळीसचा.
पहिल्या संध्याकाळी दोघेही कमीच पडलो.

या बेटावर झाडं नाहीत, वारा टिकू देत नाही.
फांदीवरून काही तोडायचं म्हणजे हेच :
करड्या प्लॅस्टिकच्या काड्यांना लगडलेली चाकं,
पंखांचे अर्धुकले, नखाएवढ्या बंदुका.
तो नंबर वाचायचा, मी कापायचो.
'मर्डो, सतरा.'
'मर्डो, हे सतरा नाही.'

सात महिने झाले मला या घरात येऊन
त्याच्या आईचा नवरा म्हणून.
बाबा म्हणावं असं कुणी त्याला सांगितलेलं नाही,
मीही नाही.
विमान थोरासाठी, तिच्या शहात्तराव्या वाढदिवसाला.
थोरा त्याच्या बापाच्या बापाची बहीण,
म्हणजे धरून ओढलं तरी
माझं नातं तिच्यापर्यंत पोचत नाही.

वर्गात त्यानं सांगून टाकलंय,
युद्धात आमच्या थोरानं स्पिटफायर उडवलं.
रात्री भांडी पुसताना त्याची आई म्हणाली,
'उडवलं कुठलं! दुरुस्तीवर होती ती.
सांगशील का त्याला?'
मी म्हटलं, तू सांग.
मग दोघांनी बशाच पुसल्या.

तिसऱ्या दिवशी डाव्या पंखावर
माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला, गोंदात, कायमचा.
त्यानं पाहिला. पॉलिश पेपर घेतला.
घासत बसला अर्धा तास, एक अक्षर न बोलता.
इतक्या मायेनं माझ्यावर कुणी
पुष्कळ दिवसांत गप्प बसलं नव्हतं.

पंखाही अडकला होता, तो तापल्या सुईनं मी सोडवला.
आणि वैमानिक, तांदळाच्या दाण्याएवढा,
त्याला त्यानं टाचणीच्या टोकानं केस रंगवले,
लाल.
'तिचे आधी लाल होते,' म्हणाला,
आणि वर काच चिकटवून टाकली.
आता सांगायची वेळ गेली, असं मला वाटलं.
खरं सांगतो, बरंच वाटलं.

थोरानं चष्मा बदलला.
विमान उताणं केलं, पोट पाहिलं, चाकं पाहिली,
दाताच्या डॉक्टरसारखं 'हं' म्हणाली.
मग काचेला नाक लावून : 'आत कोण बसलंय?'
'तू.'
'मी? अरे, मला कोण बसू देतंय आत!'

एर्लेंडचे कान लाल झाले.
त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं,
जसं काही मी जाणूनबुजून चुकीचा भाग दिला होता.

थोरानं केकची ताटली सरकवली,
विमान टेबलावर ठेवलं
आणि शेपटीवर एक बोट टेकवलं.
'मी इथं.
वारा असला की धावपट्टीकडे जाताना
हे बेटं नाकावर उपडं व्हायला बघायचं.
मग एकीनं शेपटीवर आडवं पडायचं, पोटावर.
तोंडात धूर, पायात मोजे दोन-दोन.
मी आठ स्टोनची होते. तेवढीच पुरायची.'

'आणि मग?'
'मग उतरायचं.'
'आणि ते उडायचं?'
'आधी उतरायचं. वेळेवर.
त्यातच सगळं आलं.'

बोट तिनं काढलं नव्हतं.
सांध्याशी सुजलेलं, वाकडं, नखात पिठाची रेघ.
एर्लेंड बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिला.
मग खुर्चीवरून घसरून टेबलाच्या पलीकडे गेला,
हनुवटी लाकडावर टेकली, विमानासमोर,
'मी वारा,' म्हणाला, आणि गाल फुगवले.

पंखा फिरला. थोडासाच.

'मर्डो,' तो धापा टाकत म्हणाला,
'नुसता उभा काय राहिलास? इकडे ये. फुंक.'

मी गुडघ्यांवर बसलो, त्याच्या शेजारी.
दोघांनी मिळून फुंकलं, डोळ्यांत पाणी येईतो.
केकवरची साखर उडाली.
विमान जागचं हललं नाही.