एकूण हस्तक्षेप : सदतीस

नोंदवहीच्या शेवटच्या पानावर सही करायला
कुलगुडे सर थांबले, उभ्याउभ्याच,
पंपांच्या रांगेशेजारी.
"हस्तक्षेप किती?"
सदतीस, सर.
"मान्य?"
एकोणतीस.
उरलेल्या आठांबद्दल त्यांनी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

मिरजेत, या तिसऱ्या मजल्यावर, सहा आठवडे
मी वार ओळखला तो औषधांवरून :
मेरोपेनेमचा पाचवा, कोलिस्टिनचा दुसरा.
बाहेर आकाशकंदील लागले आणि उतरलेही,
हे मला खोलीवरच्या सुप्रियानं सांगितलं.

आमचे अण्णा कोइमतूरला गलाई करतात.
लेंगऱ्याहून गेले ते सोळाव्या वर्षी.
तेजाबाचा धूर, काचेच्या पेटीतला काटा,
वजन करताना पंखा बंद, बोलणं बंद.
फोनवर म्हणाले, "तुमच्यात कितीपर्यंत धरतात? मिलिग्रॅम?"
मायक्रोग्रॅम, अण्णा. किलोमागे, मिनिटाला.
बराच वेळ नुसता रस्त्याचा आवाज.
मग म्हणाले, "आणि घट कुणाच्या नावावर टाकता?"

बेड चार. दस्तगीर बारगीर, अठ्ठावन्न.
लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट.
आता छाती यंत्राच्या तालावर.
रक्तदाब काही केल्या वर येईना,
पंपाचा आकडा तेवढा चढत होता.
मी बिल्किसबींना बाकावर बसवलं,
त्यांची कॅरीबॅग मांडीवर उपडी केली :
कात्रीनं कापलेल्या पट्ट्या, नाव असतं नेमकं तिथंच कापलेल्या,
एक बाम, दर्ग्याचा दोरा,
आणि पेपरच्या पुडीत बारीक पांढऱ्या गोळ्या.
"ही दम्याची. गावातल्या डॉक्टरची.
लग्नसराईत दोन घेतात, एरवी एक.
ही घेतली की फुंक पुरते."
कधीपासून?
"धाकटी पाळण्यात होती तेव्हापासून."
धाकटी आता काय करते?
"तिचंच लग्न झालं की, मागच्या साली."

इतकी वर्षं रोज, आणि आता आठ दिवस एकही नाही.
आत जाऊन मी बोलले तेव्हा
माझा आवाज माझ्याच कानांना चोरटा वाटला.
डॉक्टर आवटींनी एकदा पुडीकडे पाहिलं,
एकदा पंपाकडे.
"हायड्रोकॉर्टिसोन. पन्नास, दर सहा तासांनी."
दुसऱ्या सकाळी आकडा निम्म्यावर. संध्याकाळी त्याच्याही निम्म्यावर.
क्रमांक एकवीस. मान्य.

बेड नऊचं वहीत काहीच नाही.
तेवीस वर्षांची होती.
डोस सगळे बरोबर होते,
वजनाप्रमाणे, किडनीप्रमाणे, वेळेवर.
पहाटे तिच्या नावाची उरलेली औषधं
परतीला लावायला मला सांगितलं.
अकरा वायल. मोजल्या. पुन्हा मोजल्या.
परतीच्या पैशांची पावती भावाच्या हातात दिली,
त्यानं ती दोनदा घडी घालून
वरच्या खिशात ठेवली,
आणि थँक्यू म्हणाला.

आज जाताना जनरल वॉर्डात डोकावले.
दस्तगीरचाचा उशीला टेकून बसलेले,
नळीनं घसा बसलेला, हातानंच सलाम केला.
बिल्किसबींनी मला खिडकीपाशी ओढलं :
"त्या पांढऱ्या गोळ्या द्या की परत.
तुमच्यानं जीव वाचला, खरं आहे.
पण फुंक त्यांनीच होती."
मी सांगितलं. हळूहळू कमी करायच्या, एकदम थांबवायच्या नाहीत,
मनानं घ्यायच्या नाहीत, पंप कसा ओढायचा, गुळणी का करायची.
एप्रनवाल्यांसमोर हलवतात तशी
त्यांनी मान हलवली.
हा अडतिसावा. सही तर होऊन गेली होती.

खोलीवर एप्रन भिजत घालायला काढला,
तर खिशात एक गोळी,
ओळख पटवायला बाजूला ठेवलेली, द्यायची राहून गेलेली.
पंखा बंद केला.
तळहातावर घेतली.
श्वास धरला.
हाताला काहीच कळलं नाही.