तीन-आठ

आईच्या इनॅमलच्या मगावर लाल रंगात दोन आकडे आहेत.
तीन आणि आठ.
फोशानच्या रेशीम गिरणीने दिलेला, एकोणऐंशी साली,
अख्ख्या पाळीत एकीलाच.
आठ मार्चला अर्धा दिवस सुट्टी, फक्त बायकांना.
त्या अर्ध्या दिवसात तिने घरातल्या झाडून सगळ्या चादरी धुतल्या
आणि संध्याकाळी त्या मगातून चहा प्यायली,
बाबांच्या आधी.
हे ती अजून सांगते.
चादरींचं नाही, चहाचं.

मी चौथीत असताना तोच आकडा माझ्या अंगावर आला.
लाम खेउंग-वा बाकावर चढून ओरडला,
"ही बघा, तीन-आठ!"
म्हणजे भोचक, म्हणजे तोंडाळ,
म्हणजे जिची जीभ कायम चव्हाट्यावर.
मी एवढंच म्हटलं होतं की गोट्या माझ्या आहेत.
(माझ्याच होत्या.)
घरी येऊन मी मग फिरवून ठेवला, आकडे भिंतीकडे.
सकाळी आईने सरळ केला.
मी पुन्हा फिरवला.
किती दिवस चाललं हे,
दोघींपैकी कुणी ब्र काढला नाही.

शब्दात लिंबू कुणी पिळलं?
दूध नासताना आवाज होत नाही,
चहात ओतल्यावरच कळतं.

आता माझी भाची स्युन-यी कॉलेजात आहे.
आठ मार्चला मॉलच्या दारात गुलाबी कमान: देवी-दिन.
लिपस्टिकवर अडतीस टक्के सूट.
वर्गातली मुलं होस्टेलसमोर फलक टांगतात,
तुमच्यासाठी चंद्र आणू वगैरे.
स्युन-यी म्हणते, मावशी, मखरात बसलेल्या बाईला
उठून पगार कसा मागता येईल?
मला तर देवी म्हटलं की आईचा दंड दिसतो,
लहानपणी देवी काढल्याचा तो गोल व्रण.

तिने आजीकडून एक जुनी चादर मागून नेली.
तिसऱ्या मजल्यावरून सोडली खाली,
लाल रंगात लिहिलेली:
तीन-आठ. राबणाऱ्या बायकांचा दिवस.
दुपारी दोनपर्यंत टिकली.
मग वॉचमन आला, मग बाई आल्या,
मग स्युन-यीला एका खोलीत बसवून
एक कागद तीनदा लिहायला लावला.
कागदात काय होतं, ती सांगत नाही.
नखांतला लाल रंग मात्र आठवडाभर गेला नाही.

आणि परवा मासळीबाजारात
एकजण मासा तोलताना तराजूवर करंगळी टेकवत होता.
आईने पकडलं. मोठ्याने पकडलं.
तो थुंकल्यासारखा म्हणाला, "तीन-आठ!"

आईचे कान गिरणीने केव्हाच खाल्लेत.
ती ताठ झाली.
हात आपोआप छातीशी गेला,
जिथे एके काळी कागदी फूल लावलं होतं.
"हो," म्हणाली, "एकोणऐंशी सालची.
तुला रे कसं माहीत?"

मासेवाल्याचा आ वासला, त्याच्या माशासारखाच.
मागे उभ्या बायका हसल्या.
त्या कुणाला हसतायत हे त्याला आधी कळलं,
मला नंतर.
करंगळी निघाली.
वजन शंभर ग्रॅमने उतरलं.

परतीच्या बसमध्ये मी हळूच विचारलं,
"आई, तुला खरंच ऐकू आलं नाही?"
ती पिशवीतल्या माशाचं शेपूट आत दुमडत होती.
"काय?"
"काही नाही."
"मोठ्याने बोलायला शिक जरा," ती म्हणाली.
मग दोन थांबे गेल्यावर,
खिडकीबाहेर बघत,
"ती चादर परत दिली का गं त्यांनी?"