घटक: मासा एकाहत्तर टक्के

बुसानमध्ये, गोदीच्या मागच्या अंगाला,
आमचा मासळीच्या वड्यांचा कारखाना.
मी लेबलं तपासते. एकोणीस वर्षं झाली.
पाकिटावर मासा एकाहत्तर टक्के लिहिलं
तर आत एकाहत्तर हवा.
सत्तर भरला की अख्खं खोकं परत,
आणि छो साहेबांचा चेहरा उकडलेल्या माकुलासारखा.

म्हणून सवयीनं वाचते
नव्या खेळाच्या दारावरची पाटी:
ऑनलाइन, हजारोंचा, भूमिका जगण्याचा खेळ.

ऑनलाइन, कबूल. वायफाय गेलं की राज्य बुडतं.
हजारोंचा, तेही खरं.
बाजारचौकात पाय ठेवायला जागा नाही:
पंख, मुकुट, पेटत्या तलवारी, कुणी पांढऱ्या अस्वलावर,
आणि कुणी कुणाकडे बघत नाही.

भूमिका?
एक बटण आहे, 'आपोआप'.
ते दाबलं की माझी बाई स्वतः चालते,
स्वतः लांडगे मारते, स्वतः औषध पिते,
राजाचं दुःख ऐकून घेते माझ्या वतीनं.
मी पाळीवरून येते तोवर ती तीन पायऱ्या वर.
कसा गेला दिवस, विचारते.
ती पिशवी उघडते.
लांडग्याचे दात, चारशे सहा.

जुन्या खेळात मी वैदू होते.
हाती काही नाही, पाला आणि फुंकर.
ह्यॉन-मोक, कोजेच्या गोदीतला वेल्डर, आमची ढाल.
तो आधी मरायचा, मग शिव्या द्यायचा,
मग मी त्याला उठवायचे.
एकदा रात्रभर एका पुलावर बसलो,
पलीकडे जायचंच नव्हतं कुणाला.
त्याची बायको दवाखान्यात होती,
आणि तो किल्लेदाराच्या भाषेत लिहीत होता:
पहाटेपर्यंत हा पूल पडू देणार नाही.
मीही वैदूच्याच भाषेत म्हटलं,
पाला पुरेल, घाबरू नकोस.
खरं नाव कुणी घेतलं नाही.
पहाटे मुलगी झाली. तीन किलो दोनशे.

इथे दुकान आहे.
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही, म्हणतात.
इथे नेमकं उलटं:
पैसा तेवढा आणा, सोंग घरपोच.
लाख वॉनला सेनापती.

ह्यॉन-मोक फोनवर म्हणाला, अगं, नाव बदला, मिटलं.
मत्स्यालय म्हणा.
काचेमागे ते पोहतात, आपण बघतो. वाईट काय त्यात?
वाईट काही नाही.
पाटीवर मत्स्यालय लिहिलेलं नाही, एवढंच.

गेल्या मंगळवारी रात्री बटण बिघडलं.
सगळा चौक होता तिथे थिजला,
अस्वलाचा एक पाय हवेत.
बराच वेळ काही नाही.
मग 'रेशमी-कुऱ्हाड' नावाच्या कुणीतरी लिहिलं:
चालायचं कसं?

मी म्हटलं, बाणाची कळ. धरून ठेव.
तो सरळ कारंज्यात गेला.
त्याच्यामागून आणखी दोघं गेली, मुद्दाम.
एका सेनापतीनं विचारलं, इथे बसता येतं?
येतं. बसला, मुकुटासकट.
रेशमी-कुऱ्हाड पाण्यातूनच म्हणाला,
पण मी इथे आहे कोण?
तुझं तू ठरव, मी लिहिलं. एवढी ढाल कशाला घेतलीस पाठीवर?
तीन टिंबं हलत राहिली.
मग: बरं, तर मी या कारंज्याचा

बटण दुरुस्त झालं.
वाक्य तिथंच टाकून तो लांडग्यांकडे धावला.

अकरा मिनिटं.
दिवसाच्या हिशेबानं जेमतेम पाऊण टक्का.
एवढ्या माशावर मी पाकीट सोडलं असतं
तर छो साहेबांनी मलाच कढईत घातलं असतं.
वहीत शेरा लिहिला: परत पाठवा.
सही मात्र राहिली आहे.

रोज पाळीवरून आले की बटण बंद करते,
बाईला कारंज्याच्या कठड्यावर बसवते.
लोक धावत जातात आमच्या अंगावरून.
पाय दुखतात, उद्या पाचला उठायचंय.
पण कारंज्याचा कोण होता तो,
तेवढं कळायला हवं.