साठ ओहम

पिरनवाडी क्रॉसला शटर अर्धं ओढलं होतं
तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या, बैलहोंगलच्या.
मागच्या सीटवर बर्फाच्या पेटीत लसी,
गाडीभर शेणाचा, आयोडिनचा वास.
"हिंदिन लाइट हत्तवल्लवु," म्हणाल्या.
देसूरच्या फाटकाशी एक ट्रक
डिक्कीपासून हातभर अंतरावर कसाबसा थांबला,
ड्रायव्हर उतरून शिव्या देऊलाला,
आणि त्यांनी तर ब्रेक मारला होता.

स्कॅनर लावला. यू-नं सुरू होणारा कोड,
खाली इंग्रजीत एक ओळ.
ती मी मराठीत वाचली,
भरमानं कानडीत बाईंना सांगितली:
मागच्या दिव्यांच्या मॉड्यूलशी बोलणं तुटलंय.
इतक्या तोंडांतून येईस्तोवर
ती ओळ घरच्या निरोपासारखी झाली होती.
बाईंनी विचारलं, "कधीपासून?"
ते मशीन सांगत नाही.

उद्यमबागेत त्यांना सांगितलेलं, मॉड्यूल गेलंय,
तेवीस हजार, आठ दिवस, पुण्याहून येणार.
असेल की. खरं मी आधी वायर बघतो.

बल्ब चांगले. फ्यूज चांगला.
मॉड्यूलला बारा व्होल्ट पोचतायत, अर्थिंग घट्ट.
म्हणजे जिवंत आहे, जेवणखाण वेळेवर,
फक्त त्याला कुणी काही सांगत नाही.

बॅटरी सोडवून मीटर लावला त्या दोन वायरींवर
ज्या एकमेकींना पीळ घालून
बोनेटपासून डिक्कीपर्यंत जातात.
दोन टोकांना दोन रोध, एकशेवीस-एकशेवीसचे.
दोघं जागेवर असले तर मीटर साठ दाखवतो.
भरमाला हे कधीच पटलं नाही:
"दोन असले की कमी कसं हुतंय, अण्णा?"
हुतंय बाबा.
मीटर म्हणाला एकशे एकोणीस पूर्णांक आठ.
एक टोक एकटंच बसलंय.

"मला पण लावा की एकदा मीटर," भरमा म्हणाला.
त्याची बायको संक्रांतीपासून हलशीला आहे.
रिंग जाते, ती उचलत नाही.
"मग वायर शाबूत आहे," मी म्हणालो,
आणि तो टॉर्च धरायला वाकला तो
बराच वेळ वर बघेना.

डिक्कीच्या बिजागरीपाशी रबराची नळी असते,
हार्मोनियमच्या भात्यासारखी.
दिवसातून चाळीसदा डिक्की उघडते,
लस काढा, दोर काढा, गमबूट टाका,
दर वेळी तीच जागा वाकते.
रबर मागं सारलं.
वायरीची साल धड, पिवळी, रेघसुद्धा नाही.
नखानं चाचपत गेलो. एके ठिकाणी बोट बुडालं.
आत तांबं नव्हतं. हिरवी भुकटी,
आणि दोन टोकं तांदळाच्या दाण्याएवढी लांब.

बाई चष्मा वर करून बघत होत्या.
म्हशीच्या पायाची नस अशी तुटते, म्हणाल्या,
वरून कातडं चकचकीत, आणि म्हैस उठत नाही.

डाख दिला, नळी तापवून आवळली,
वायर चार बोटं सैल ठेवली, पुन्हा ओढ बसू नये म्हणून.
साठ.

भरमा मागं उभा. "हत्त्याव!" ओरडला.
बाईंचा विश्वास बसेना.
मला सीटवर बसवून त्या स्वतः मागं गेल्या.
मी पाय दिला. आरशात त्यांचं तोंड,
टिकली, चष्मा, बाहीवरचा चिखल, सगळं लाल.
"बिड्री." सोडला. "मत्त." दाबला.
सात-आठ वेळा तरी.
अठरा वर्षं गाडी चालवतेय, म्हणाल्या,
हे आज पहिल्यांदा बघितलं.

साडेचारशे दिले, पन्नास परत घेतले नाहीत.
नंदिहळ्ळीत एक म्हैस अडली होती.
गाडी देसूरच्या अंगाला गेली,
गतिरोधकाशी तिन्ही दिवे लागले,
डावा किंचित उशिरा, असं मला वाटलं.
भरमाला विचारणार होतो.
तो पाण्याच्या टाकीमागं उभा होता,
फोन कानाला.