कर्त्याचा रकाना

खालच्या बुरुजात अजून वास आहे
खारवलेल्या डुकराच्या मांसाचा.
घरागणिक एक आकडा, आकड्यावर घराचा नंबर.
नव्वद साली माणसं जर्मनीला गेली,
नंबर राहिले.

वरच्या खोलीत ओटीलिया वह्या मोजते.
तीनशे बारा. त्यांतल्या चाळीसेक
उंदरांनी आधीच वाचलेल्या.

चर्चच्या ओकच्या दारावर कोरलंय:
आतून कडी लावाल, तर देव बाहेर निजेल.
खाली नाव, बार्थोलोमेउस क्लोस, आणि साल १५७१.
ट्रान्सिल्व्हेनियातल्या या एवढ्याशा गावानं
त्याला पुतळा दिला, शाळेला त्याचं नाव दिलं,
पोरांकडून हे वाक्य शंभरशंभरदा गिरवून घेतलं
दोन पुरुष जाडीच्या तटाच्या आत,
कडीकोयंडे घालून.

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
ओटीलियाचं पोटच त्यावर चालतं.

क्लोसच्याच वहीत, प्रवचनाच्या समासात,
मुंगीएवढ्या अक्षरांत सापडलं:
'जसं तो साधू म्हणे.'
कोण साधू?
तीन हिवाळे गेले.
डोंगरापलीकडच्या पडक्या मठातला निघाला,
क्लोसच्या दोनशे वर्षं आधीचा.
नाव नाही. डावखुरा असावा,
शाई सगळीकडे फासलेली.
त्यानंही वाक्य आपलं म्हटलेलं नाही.
'थोरांकडून ऐकलं,' एवढंच,
आणि लगेच पुढे मेणबत्त्यांचा हिशेब.

मग त्याच वहीच्या पुठ्ठ्यात, सरसानं चिकटवलेला
ग्रीक चामड्याचा एक तुकडा.
वाफ देऊन सोडवला, बोटं भाजली.
कडी आहे. बाहेर आहे. निजेल आहे.
कोण निजेल, नेमकं तिथेच
बांधणाऱ्यानं कात्री चालवलेली.
देव, की पाहुणा,
की कुत्रा?

पाच वाजता रेगीना त्सिकेली किल्ली घेऊन येते,
हातभर लांब, पिशवीत ब्रेडशेजारी.
गावात उरलेल्या नऊ जणांतली एक.
ओटीलियानं वाक्य वाचून दाखवलं
तशी म्हातारी हसायलाच लागली.
'हे होय! हे आई रोज रात्री म्हणायची.
कडी लावू नका गं पोरींनो, बाप बाहेर निजेल.'
'बाप? म्हणजे आकाशातला?'
'आमचा. पिऊन यायचा.
सतरा बर्फांत दोनदा सापडला ओट्यावर.'

आईनं ते क्लोसच्या दारावरून उचललं
की क्लोसनं कुणाच्या आईच्या चुलीपाशी,
जेवता जेवता, उष्ट्या हातानं,
हे कुठल्या वहीत असणार?
साधूही कुणाचा तरी मुलगाच होता.

कार्डावर 'कर्ता' असा एक रकाना असतो.
ओटीलियानं त्यात क्लोस लिहिलं होतं, मागच्या वर्षी.
खोडलं. साधू लिहिलं, खोडलं.
कागद तिथे इतका पातळ झाला
की खालच्या टेबलाच्या रेषा दिसायला लागल्या.

'आटप,' रेगीना जिन्यातून ओरडली,
'सिबिउची बस थांबत नाही कुणासाठी.'