वाहन क्रमांक ४१७

सातारला, सैनिक बोर्डाच्या कचेरीत
माझं टेबल खिडकीशी. बाहेर अजिंक्यतारा,
आत रकाने.

फाल्गुनातल्या एका मंगळवारी
गेनबा फडतरे आले, मुक्काम डिस्कळ, तालुका खटाव.
सदऱ्यावर दोन बिल्ले, सुईदोऱ्यानं शिवलेले.
डिस्चार्ज बुकात निळ्या शाईत हुद्दा: ड्रायव्हर.

म्हटलं, गाडी कुठली? फोर्ड का शेवरलेट?
म्हणाले, "साळू."

अठरा वर्षं मी फौजी कागद हाताळत होतो
आणि मला ठाऊक नव्हतं
की लष्करात खेचर हाकणाराही ड्रायव्हरच.
की डोंगरी तोफ सुटी होते चतकोर चतकोर,
नळीचे दोन तुकडे, चाकं, पाळणा,
आणि आठ पाठींवर बसून ब्रह्मदेशात जाते.

"आमच्या साळूवर नळीचं बूड. अडीच मण.
रंगरुटागत भरती झाली तीबी.
खुरावर नंबर डागला, चारशे सतरा.
मग डाक्टरनं आडवी पाडली, क्लोरोफार्म दिला
आन् गळ्यातली तार कापली.
वरडली तर दुस्मानाला कळंल म्हनून.

सुद्धीवर आली, तोंड उघडलं.
पुन्यांदा उघडलं.
मग माज्याकडं बघितलं तिनं, सायेब,
जसं काय मीच काढून घेतलं हुतं."

चिंदविनच्या अलीकडे एका रात्री
जपानी तुकडी कासराभर अंतरावरून गेली.
बांबूच्या बेटात सत्तावीस माणसं, श्वास धरून.
साळूच्या पोटाला जळवा लागलेल्या.
तिनं मान लांबवली, कान मागं टाकले,
बरगड्या भात्यासारख्या वरखाली.
"सगळी वरडली ती. पार पोटातनं.
नुसता वारा आला."

मी पेन टेकवून विचारलं: जखमा?
म्हणाले, "कुनाच्या?"

परतीच्या विमानात माणसांपुरतीच जागा होती.
यापुढचं त्यांनी सांगितलं नाही.
टोपी काढली, आतला घाम पुसला,
टोपी घातली,
आणि विचारलं, सही कुठं करायची.

रकाना सातमध्ये मी लिहिलं: वाहन क्रमांक ४१७.
दिवाळीनंतर पुण्याहून कागद परत, लाल शेरा:
वाहनाचा प्रकार व सद्यस्थिती कळवावी.

तो कागद कोटाच्या खिशात घालून
मार्गशीर्षात पुसेगावच्या यात्रेला गेलो.
खिल्लारांचा बाजार भरलेला. कुणी दात बघतंय,
कुणी रुमालाखाली बोटं धरून भाव करतंय.
फडतरे तिथं नव्हते. पार टोकाला होते,
वीटभट्टीवाल्यांची गाढवं बांधतात तिथं,
हात मागं बांधून,
काहीच विकत घ्यायचं नसल्यासारखे.

एक गाढव सुरू झालं.
मग दुसरं. मग सगळी रांग,
कर्कश, बेसूर, घसा फाडून;
पोरं कानांत बोटं घालून पळाली.
सोबतचा पाव्हणा म्हणाला, चला की आबा, काय ऐकताय.
फडतरे हलले नाहीत.
त्यांचं तोंड किंचित उघडं होतं.

कागद मी खिशातच ठेवला.
सोमवारी, लाल शेऱ्याच्या खाली, निळ्या शाईत:
प्रकार, चार पायांचे.
सद्यस्थिती, कामावरून परतलेले नाही.

साहेबांनी न वाचता सही केली.